29 मेचा हट्ट: परदेशात तैनात जवानांना भेटायला गेलेल्या एका गटाचं प्रकरण

हे प्रकरण दक्षिण सुदानमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतलं आहे. पलटण, ठाणं, वर्ष आणि माणसांची नावं मुद्दाम गाळली आहेत. भेटीची जुळवाजुळव माझ्याकडे होती, त्यामुळे पुढे ज्या चुका येतात त्यांतल्या बऱ्याच माझ्याही आहेत. परदेशात तैनात जवानांना भेटायला जाणाऱ्या गटांना त्या उपयोगी पडाव्यात म्हणून सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

दक्षिण सुदान 9 जुलै 2011 रोजी स्वतंत्र झाला आणि त्याच सुमारास तिथे शांतिसेनेची मोहीम सुरू झाली. डिसेंबर 2013 मध्ये यादवी पेटली, तेव्हा जीव वाचवायला हजारो माणसं शांतिसेनेच्या ठाण्यांच्या कुंपणाआड येऊन राहिली. भारतीय पलटणी तिथे सुरुवातीपासून आहेत. गस्त घालणं, रसदीच्या ताफ्यांना संरक्षण देणं ही कामं त्या करतातच. त्यांच्याबरोबर डॉक्टर असतात, गुरांवर उपचार करणारे पशुवैद्यही असतात. ज्या समाजाची सगळी मालमत्ता गुरंच आहेत, तिथे पशुवैद्याला मिळणारा मान पाहण्यासारखा असतो.

आमचा गट माजी सैनिकांचा. शांतिसेनेत गेलेल्या जवानांच्या कुटुंबांशी आम्ही संबंध ठेवून असतो. त्यांतल्या एका हवालदाराच्या पत्नीने, ज्यांना आम्ही सगळे वहिनी म्हणतो, एकदा विचारलं, "ते जिथे गेले ती जागा मला बघता येईल का?" हवालदार काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात गस्तीवर असताना गेले होते. त्यांचा ट्रक मातीच्या भरावावरून घसरून पाण्याने भरलेल्या चरात उलटला होता.

वहिनींच्या प्रश्नामागे एक गोष्ट आहे, ती आधी सांगायला हवी. दोन्ही महायुद्धांत परदेशात पडलेले आपले जवान तिकडेच राहिले. नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीत लढताना पडले. त्यांचं नाव आजही तिथल्या कासिनो गावातल्या युद्धस्मारकावर आहे. कुणाला जायचं झालं तर जायला एक जागा आहे. आजच्या शांतिसैनिकाचा देह मात्र विमानाने घरी येतो. हे कुटुंबाच्या दृष्टीने चांगलंच आहे, पण मग परदेशात मागे काही उरत नाही. ठाण्याच्या आवारात एखादा फलक असतो, आणि ठाणं बंद झालं की तोही जातो. शिवाय पलटण साधारण वर्षभराने बदलते. वहिनी ज्या ठाण्यावर जाणार होत्या, तिथे हवालदारांना पाहिलेला एकही जवान आता नव्हता.

पलटणीच्या सीओ साहेबांनी, म्हणजे कमांडिंग ऑफिसरनी, आनंदाने होकार कळवला. सैन्य मुख्यालय, राजधानी जुबातला भारतीय दूतावास आणि मोहिमेचं मुख्यालय, तिन्हीकडून परवानगी मिळायला पाच महिने गेले.

अडचण

आम्हाला एका भेटीत तीन गोष्टी साधायच्या होत्या. जवानांचा हुरूप वाढवायचा, गेलेल्यांना मानवंदना द्यायची आणि वहिनींना ती जागा दाखवायची. या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येतात, हे आम्हाला निघण्यापूर्वी कळलं नाही.

पाहुणा ठाण्यावर आला की त्याचा भार जवानांवरच पडतो. त्याला खाट, मच्छरदाणी, पिण्याचं पाणी लागतं. अंगावर चढवायला बुलेटप्रूफ जाकीट आणि हेल्मेट लागतं. कुंपणाबाहेर पाऊल टाकायचं तर पहाऱ्याच्या गाड्या लागतात, म्हणजे रात्रीचा पहारा करून आलेल्यांची झोप जाते. हेलिकॉप्टरमधली त्याची जागा ही कुणाच्या तरी रजेवर जाण्याची जागा असू शकते. आधार द्यायला गेलेला माणूस यजमानाच्या खांद्यावर बसलेला असतो, हे भेटीचं नियोजन करणाऱ्याने पहिल्या दिवशीच मान्य करायला हवं.

दुसरी अडचण शब्दांची होती. हवालदार अपघातात गेले. त्यांच्या गावच्या शाळेत मात्र "शत्रूशी लढताना शहीद" असा फलक लागला आहे. कुणी तो वाईट हेतूने लावलेला नाही. पण वहिनींच्या मुलाला लहानपणापासून "गोळी कुठे लागली?" हा प्रश्न ऐकावा लागला आणि तो दरवेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेत आला. आता तो 19 वर्षांचा आहे आणि आमच्याबरोबर यायचं त्याने स्वतःहून ठरवलं होतं.

शांतिसेनेत आजवर 4,000 हून अधिक जणांचा मृत्यू झाला आहे. त्यांत भारताचे सुमारे 180, म्हणजे कोणत्याही देशापेक्षा जास्त. हल्ल्यात गेलेल्यांपेक्षा अपघात आणि आजारपण यांनी गेलेले मिळून कितीतरी अधिक आहेत. आपल्याला कॅप्टन गुरबचनसिंग सालारिया आठवतात. 5 डिसेंबर 1961 रोजी काँगोत एलिझाबेथव्हिल इथे ते लढता लढता पडले आणि त्यांना परमवीर चक्र मिळालं. ते आठवायलाच हवेत. पण मलेरियाने गेलेला, नदीत बुडालेला, गाडीखाली सापडलेला जवानही त्याच निळ्या हेल्मेटखाली उभा होता, आणि त्याच्यासाठी आपल्याकडे धड शब्दसुद्धा नाही. आपलं सैन्य अधिकृतपणे "शहीद" हा शब्द वापरत नाही. त्यांच्या कागदोपत्री लढाईत गेलेले आणि इतर कारणांनी गेलेले अशी सरळ नोंद असते.

समोर असलेले पर्याय

किती जणांनी जायचं, हा पहिला प्रश्न. मूळ यादी 17 जणांची होती आणि तीत एक वाद्यवृंदही होता. सीओ साहेबांनी ती नाकारली नाही. पाहुण्याला नाही म्हणणं यजमानाला जड जातं, म्हणून ही काटछाट पाहुण्यानेच करायची असते. मी पलटणीच्या सुभेदार मेजर साहेबांना फोन करून सरळ विचारलं, "साहेब, खरं सांगा, किती माणसं झेपतील?" ते क्षणभर थांबून म्हणाले, "सहा आले तर आम्ही तुमच्याजवळ बसू. सतरा आले तर तुमच्यामागे पळू." आम्ही सहा जण गेलो. या निर्णयाचा मला आजही पश्चात्ताप नाही.

काय न्यायचं, हेही त्यांनाच विचारलं. मिठाईचे डबे आणि नाव छापलेले टी-शर्ट आमच्या डोक्यात होते. तिकडून आलेली यादी वेगळीच होती. पलटणीतल्या भजनी मंडळाच्या पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं शाई लावलेलं कातडं, दमट हवेत निकामी झाली होती. ती हवी होती, आणि टाळांचे चार जोड. बाकी काही नको.

खरा वाद तारखेवरून झाला. 29 मे हा शांतिसैनिकांचा आंतरराष्ट्रीय दिवस. 1948 मध्ये याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या पहिल्या शांतिमोहिमेला मंजुरी मिळाली होती. मानवंदनेसाठी याहून चांगला दिवस कोणता? पण त्या भागात मेअखेर पावसाला सुरुवात झालेली असते. तिथली जमीन म्हणजे आपल्या कापसाच्या रानासारखी काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पाणी पडलं की फुगते आणि चाक धरून ठेवते. शिवाय जवळच श्वेत नाईलची अफाट दलदल. पाऊस लागला की रस्ते महिनोन् महिने बंद राहतात. जानेवारी ते मार्च हा फिरण्याचा काळ. फेब्रुवारीत गेलो तर जागा नक्की दिसली असती, पण दिवसाचं औचित्य हुकलं असतं.

बैठकीत बहुतेक मतं 29 मेला पडली, त्यांत माझंही होतं. वहिनींना आम्ही विचारलं ते असं: "29 मेला जाऊया ना?" फेब्रुवारीत जागा दिसण्याची शक्यता खूप जास्त आहे, हे त्यांना स्पष्ट सांगितलं नाही. हो म्हणायचं त्यांनी, आणि ते कशाच्या बदल्यात म्हणतायत ते आम्हाला माहीत, त्यांना नाही. या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक मी हीच मानतो. पुढचं सगळं तिच्यातून आलं.

काय घडलं

पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. ती घेतली, मलेरियाच्या गोळ्या सुरू केल्या. अपघात झाल्यास संयुक्त राष्ट्रांवर दावा करणार नाही, अशा कागदावर जुबात सह्या केल्या. वहिनींनी तो कागद मुलाकडून पूर्ण वाचून घेतला आणि मगच सही केली.

26 मेला ठाण्यावर पोचलो. संध्याकाळी पखवाजाची नवी पुडी चढवली गेली. लंगरातून, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातून, आणलेल्या कणकेचा गोळा एका जवानाने डाव्या तोंडावर थापला, बोटाने ठोकून पाहिलं, थोडी काढली, पुन्हा ठोकलं. आवाज जमल्यावर आजूबाजूचे दहा-बारा जण आपोआप गोळा झाले. आमच्यातल्या गायिकेने कार्यक्रम म्हणून काही सादर केलं नाही, ती त्यांच्याबरोबर बसून गायली. पहाऱ्यावरच्या जवानांना यात येता येत नाही, हे तिच्याच लक्षात आलं. मग दुसऱ्या रात्री पहारा बदलताना ती आणि मी पहाऱ्याच्या एकेका चौकीवर गेलो. गाणं तिथे शक्य नव्हतंच. दोन मिनिटं बोलणं झालं. एका पोराने फक्त एवढंच विचारलं, "आपल्याकडे पाऊस कधी सांगितलाय?"

27 मेच्या रात्री दोनेक तास पाऊस पडला. 28 मेच्या पहाटे गस्तीचं नेतृत्व करणाऱ्या सुभेदार साहेबांनी रस्ता पाहून सांगितलं की आज जाता येणार नाही. तिथे विषय संपायला हवा होता.

आमचे गटप्रमुख निवृत्त कर्नल. अनुभवी, सज्जन आणि वहिनींबद्दल मनापासून कळकळ असलेले. ते सीओ साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "बाई एवढ्या लांबून आल्यात. निदान जाता येईल तिथपर्यंत जाऊ." सीओ साहेब वयाने आणि सेवेने त्यांच्यापेक्षा बरेच कनिष्ठ होते. निवृत्त वरिष्ठाचं बोलणं हा हुकूम नसतो, पण सैन्यात वाढलेल्या माणसाच्या कानाला तो तसा ऐकू येतो. अर्ध्या तासाने तीन गाड्या निघाल्या. मी शेजारी उभा होतो आणि काही बोललो नाही. सुभेदार साहेबांचा चेहरा मला दिसत होता.

11 किलोमीटरवर मधली गाडी रुतली. तिला ओढायला मागे घेतलेली पुढची गाडीही बसली. गुडघाभर चिखलात जवान उतरले. फावडी, फळ्या, विंच. एका बाजूने चाक मोकळं करावं तर दुसरं आत जायचं. चारही बाजूंना उंच गवत, त्यामुळे निम्मे जवान खोदत होते आणि निम्मे शस्त्रं घेऊन गवताकडे तोंड करून उभे होते. वहिनी गाडीत बसून हे पाहत होत्या. त्या शेतकरी घरातल्या, काळ्या रानातल्या. थोड्या वेळाने त्या खाली उतरल्या, वाकून चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली आणि मुलाला म्हणाल्या, "ही आपल्यासारखीच आहे. ही सोडत नाही." मग सुभेदार साहेबांकडे वळून त्या म्हणाल्या, "गाडी निघाली की परत फिरा. ते असल्याच चिखलात गेले. माझ्यापायी कुणी पोरगं यात उतरायला नको होतं."

चार तास लागले. कुणाला इजा झाली नाही. पण हवालदारांचा जीव ज्याने घेतला, त्याच पावसात, त्याच मातीवर आम्ही तीन गाड्या भरून माणसं नेली होती.

संध्याकाळी वेगळंच घडलं. ठाण्यावर एक स्थानिक दुभाषा आहे. पलटणी येतात-जातात, तो तिथेच राहतो, आणि इतक्या वर्षांत कामापुरती हिंदी शिकला आहे. पाहुणे कोण आहेत हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. गाड्या रुतल्याची बातमी ठाण्यात पसरली, तेव्हा त्याला कळलं की त्या कोणाच्या पत्नी आहेत. तो स्वतः चालत आमच्या तंबूपाशी आला. हवालदारांचा ट्रक उलटला त्या दिवशी मागच्या गाडीत तो होता.

त्याने काय पाहिलं ते त्याने सांगितलं. ते सगळं इथे लिहिणार नाही. हवालदार लगेच गेले नव्हते, ढग निवळेपर्यंत हेलिकॉप्टर येऊ शकलं नव्हतं, आणि तेवढा वेळ ते एकटे नव्हते, हे वहिनींना पहिल्यांदाच कळलं. शेवटी तो म्हणाला की पाण्याचे कॅन चढवताना हवालदार त्याला मराठी आकडे शिकवायचे, आणि त्याने मोजून दाखवायला सुरुवात केली. अठरापर्यंत नीट आला. एकोणीसवर अडला. वहिनींनी तो शब्द सांगितला, त्याने पुन्हा म्हटला आणि वीसवर थांबला.

29 मेची मानवंदना

ठाण्यावरच्या स्मृतिफलकावर हवालदारांच्या आडनावात इंग्रजीतलं एक अक्षर चुकलं होतं. मुलाच्या ते लक्षात आलं. पलटणीत पाट्या रंगवणारा एक जवान होता, त्याने आदल्या रात्री टॉर्चच्या उजेडात ते अक्षर खरवडून नव्याने लिहिलं. मुलगा टॉर्च धरून बसला होता.

सकाळी बंदुका उलट्या धरून शोक शस्त्र झालं, बिगुल वाजलं, पुष्पचक्र वाहिलं. कर्नल साहेब बोलणार होते. त्यांच्या भाषणात "शत्रूशी झुंजताना" हे शब्द होते. वहिनींनी आदल्या रात्रीच सांगितलं, "गोळी लागली असं सांगू नका. जे झालं ते सांगा. त्यात कमीपणा काय आहे?" कर्नल साहेबांनी भाषण बाजूला ठेवलं. हवालदार कुठल्या कामावर होते, कुणासाठी निघालेल्या ताफ्याचा रस्ता बघायला गेले होते, ट्रक कसा घसरला, हे त्यांनी चार-पाच साध्या वाक्यांत सांगितलं. समोरच्या रांगांमधल्या प्रत्येक ड्रायव्हरला तो रस्ता ठाऊक होता. मी अशी बरीच भाषणं ऐकली आहेत, पण इतकी शांतता क्वचित अनुभवली आहे.

वहिनींनी डाग हॅमरशोल्ड पदक बरोबर आणलं होतं. 1961 मध्ये काँगोच्या कामासाठी जाताना विमान अपघातात गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या नावाचं हे पदक शांतिसेनेत असताना मृत्यू आलेल्यांना दिलं जातं, मृत्यू हल्ल्यात आलेला असो वा अपघातात. ते छातीवर लावायचं नसतं. पारदर्शक स्फटिकाचा अंड्याच्या आकाराचा तुकडा असतो, त्यावर नाव आणि मृत्यूची तारीख कोरलेली. वहिनींनी ते मानवंदनेनंतर हातरुमालातून काढून जवानांच्या हातात दिलं. तिथल्या बहुतेकांनी ते कधी पाहिलं नव्हतं. ते हातातून हातात फिरत रांगेच्या टोकापर्यंत गेलं आणि परत आलं.

परिणाम

जागा वहिनींना दिसली नाही. पुढच्या कोरड्या ऋतूत तोवर आलेल्या नव्या पलटणीची नेहमीची गस्त त्याच वाटेने जाणार होती. तिने तिथे थांबून मानवंदना दिली आणि रीतसर मार्गाने छायाचित्र पाठवलं. दुभाषा त्या गस्तीबरोबर होता, त्याच्यामुळेच नेमका भराव सापडला. छायाचित्रात वाळलेलं गवत, भेगाळलेली माती आणि एक रिकामा चर एवढंच आहे. वहिनींनी ते देवघरात ठेवलेलं नाही, स्वयंपाकघरात लावलं आहे.

मुलाने शाळेत जाऊन मुख्याध्यापकांशी बोलून फलकावरचा मजकूर बदलून घेतला. आता तिथे "संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत कर्तव्य बजावताना" असं आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

तारीख जागेवरून आणि ऋतूवरून ठरवीन. 29 मे दरवर्षी येतो आणि मानवंदना घरीही देता येते. कुटुंबापुढे पर्याय ठेवताना प्रत्येकात काय मिळेल आणि काय हुकेल, हे दोन्ही सांगीन, लागलं तर कागदावर लिहून देईन.

रस्त्यावर निघायचं की नाही, हे गस्तीचा प्रमुख ठरवेल आणि त्यावर पाहुण्यांपैकी कुणीही, कितीही ज्येष्ठ असलं तरी, वरच्याकडे शब्द टाकणार नाही, ही अट निघण्यापूर्वी प्रत्येकाकडून मान्य करून घेईन. कर्नल साहेबांनी परतल्यावर सुभेदार साहेबांना स्वतः पत्र लिहिलं. ते त्यांचं मोठेपण. पण त्या पहाटे मी एक वाक्य बोललो असतो, तर पत्राची वेळच आली नसती.

आणि दुभाषाला पहिल्या दिवशी शोधीन. आम्ही पाच महिने परवानग्यांमागे होतो, पण "त्यांना ओळखणारं तिथे अजून कोण आहे?" हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नाही. पलटण बदलते हे माहीत होतं, आणि तिथेच आमचा विचार थांबला. ठाण्यावरची सगळी माणसं गणवेशातली नसतात.

सीओ साहेबांनी जाण्यापूर्वी एक काम केलं. एक पलटण दुसरीकडे ठाणं सोपवते तेव्हा जनरेटर, पाणी शुद्ध करण्याचं यंत्र, गाड्या, तंबू अशा सगळ्यांची यादी होते. त्या यादीत त्यांनी स्मृतिफलक घातला, त्यावरच्या नावांची तपासलेली अक्षरं घातली, आणि शेजारी शेरा लिहिला: माहितीसाठी दुभाषाला भेटा.